बरणीवरचं पान

रोज सकाळी चूल पेटवायच्या आधी हेस्टर पार्डो हात धुऊन फडताळाशी जाई. वरच्या फळीवर एक तपकिरी बरणी एकटीच होती. ती खाली काढत नसे. टाचा उंचावून स्वच्छ फडक्याने बरणीचं पोट पुसायचं, गळ्याला बांधलेल्या सुतळीवरून हलकं बोट फिरवायचं आणि उभ्या उभ्या प्रभूची प्रार्थना म्हणायची, मग राख उपसायची, हा तिचा नेम. ताप असला तरी तो चुकत नसे.

बरणीत रानआलुबुखारांचा मुरंबा होता. तो तिच्या लेकीने, केझायाने घातला होता; सारे तिला केझी म्हणत. तोंडावर झाकण म्हणून कातड्याचा दादरा बसवून सुतळीची गाठही केझीनेच मारली होती. केझी डावखुरी, त्यामुळे तिची गाठ उलटी बसे आणि तिचं एक टोक सशाच्या कानासारखं वर राही. "ही काय गाठ म्हणायची?" हेस्टर तिला चिडवायची. "तुला सोडवता येत नाही ना, मग झालं तर," केझी म्हणायची.

केझी शहरात एका कापडवाल्याच्या घरी चाकरीला होती. फळं उतरवायच्या दिवसांत मालकिणीने तिला घरी पाठवलं, तेव्हाची ही बरणी. "आईच्या रविवारी फोडायची. मी आल्यावर. त्याआधी हात लावलास तर बघ!" असं दटावून ती परत गेली. आईचा रविवार येतो ईस्टरआधीच्या उपासाच्या चाळीस दिवसांच्या ऐन मध्यावर. त्या दिवशी चाकरीला गेलेल्या लेकी केक घेऊन आईकडे येतात. पण नाताळच्या आधीच शहरात देवीची साथ आली. देवी शिरलेल्या घरातली चिंधीसुद्धा बाहेर येऊ देत नसत. केझीला तिकडेच पुरलं, तिचे कपडे जाळले. हेस्टरला लेकीची टोपीही मिळाली नाही. लेकीच्या हातचं म्हणून जगात उरली ती ही एक गाठ.

आपण प्रार्थना देवापुढे करतो की मुरंब्यापुढे, हा प्रश्न हेस्टरला कधी कधी पडे. पाद्रीबाबांना विचारावं असंही वाटे. पण गेल्या वर्षापासून तिला पाद्रीबाबांचीच धास्ती बसली होती. कारण बरणीवरचा दादरा त्यांना हवा होता, आणि हे साऱ्या थॉर्नलो गावाला ठाऊक होतं.

रेव्हरंड गिल्बर्ट एथरिज गावात आले तेव्हा त्यांच्या सामानात एक पलंग, दोन खुर्च्या आणि अकरा पेट्या जुने कागद होते. गावाने आधी त्यांना वेडा ठरवलं आणि पुढे आपला वेडा ठरवलं. उंच, वाकलेला माणूस, केसांचा टोप नेहमी एका कानावर आलेला, खिशात लाखेचे तुकडे. शिंप्याने मापं घ्यायला कापलेल्या चर्मपत्राच्या पट्ट्या असोत, ढोलाला लावलेलं ठिगळ असो, नाहीतर खाटकाने चरबी गुंडाळायला घेतलेली रद्दी असो, त्यावर जुनी अक्षरं दिसली की पाद्रीबाबा तिथे थबकत. एकदा एका फेरीवाल्याला अंगातला कोट देऊन त्यांनी सनदांचा गठ्ठा घेतला आणि तो छातीशी धरून गारठ्यातून घरी आले. बहीण डॉर्कस दारातच म्हणाली, "बरं झालं, विजारीवर सौदा झाला नाही."

पण कुणाला शेवटची घरघर लागली आहे असा निरोप आला की हाच माणूस वाचता वाचता, अर्ध्या ओळीवरून उठे. फक्त म्हणे, "डॉर्कस, बोट!" मग डॉर्कसबाई येऊन बसायची आणि ते परत येईपर्यंत त्या ओळीवर बोट ठेवून राहायची. जुन्या लिपीत एकदा ओळ सुटली की परत सापडणं कठीण. एकदा बर्फात अडकून ते उशिरा आले, तेव्हा डॉर्कसबाई खुर्चीतच झोपली होती. बोट मात्र जागचं हललं नव्हतं. ते आल्यापासून कुणाला एकट्याने मरावं लागलं, असं गावात कधी घडलं नाही.

दादऱ्याची गोष्ट अशी. दोनशे वर्षांपूर्वी राजाने मठ मोडले, तेव्हा गावाजवळचा मठही गेला. दगड लोकांनी घरांना नेले, छपराचं शिसं वितळवलं. साधूंनी पिढ्यान् पिढ्या लिहिलेली मठाची बखर जमीनदाराच्या हवेलीत, अडगळीत जाऊन पडली. पुढे हवेलीतल्या एका कारभारणीच्या लक्षात आलं, की या जाड पोथीची पानं चांगल्या वासराच्या कातड्याची आहेत. पान भिजवायचं, गोल कापायचं, ओलं असताना बरणीच्या तोंडावर बांधायचं. वाळलं की ढोलासारखं ताठ बसतं, आत मुंगी शिरत नाही. फळं उतरवायला आलेल्या बायकांना ती अशी पानं वाटायची. साऱ्या थॉर्नलोचा मुरंबा साधूंच्या लॅटिनखाली मुरत होता आणि कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं.

म्हाताऱ्या चांभाराच्या आजारपणात पाद्रीबाबा त्याच्या उशाशी बसले होते. चांभारणीने त्यांच्यापुढे लोणच्यातले अक्रोड ठेवायला बरणी उघडली, आणि ते एकदम उभे राहिले. डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं, बाबांना अक्रोडांची भलतीच आवड दिसते. तिने अख्खी बरणी त्यांच्या पदरात घातली.

त्यानंतर ते घरोघर गेले. कुणाच्या फडताळाला त्यांनी हात लावला नाही. "तुम्ही उघडाल तेव्हा दादरा तेवढा टाकू नका," एवढंच म्हणत. "घाई नाही. मुरू दे चांगलं." बदल्यात खाटकाकडचा, जनावराच्या मूत्राशयाचा धुतलेला पातळ फुगा देत, तोही बरणीला चालतो. एकेक करत पानं त्यांच्या टेबलावर जमली. कोपरे कापले गेलेली, पुनवेच्या चंद्रासारखी गोल, कुणाला व्हिनेगरचा वास, कुणाला मधाचा. ती ते धूत, वाचत, क्रमाने लावत, नकलून काढत. रविवारी प्रवचनानंतर चर्चच्या पडवीत गावकरी त्यांना गराडा घालत, आणि चारशे वर्षांपूर्वी कुणाचं डुक्कर कुणाच्या पावट्यात शिरलं ते बाबा वाचून दाखवत. ट्रँटरांचा कुणी पूर्वज मठाच्या तळ्यातले मासे चोरताना सापडला होता, हे निघालं तेव्हा पडवी हसून हसून लोळली.

आणि मग बखर अडली. एका पानाच्या तळाला लिहिलं होतं, 'त्या वर्षी सेंट ल्यूकच्या सणाला प्रार्थना चालू असताना पश्चिमेकडून असा वारा सुटला, की' आणि पुढचं पान नव्हतं. त्याच्या नंतरची होती, आधीची होती, हे एक नव्हतं. गावातल्या बाकी बरण्या एव्हाना उघडून झाल्या होत्या; ते हेस्टरच्या फळीवर होतं. मार्जरी ट्रँटर मीठ मागायला आली होती, तेव्हा तिने बरणीवर तांबडं मोठं अक्षर पाहिलं होतं, आणि मार्जरीने पाहिलं म्हणजे गावाने पाहिलं.

"हेस्टर, अगं किती दिवस छळणार आहेस?" मार्जरी विहिरीवर म्हणाली. ती सामान वाहणाऱ्या ट्रँटरची बायको, जीभ चाबकासारखी पण मन साफ. "गाव वाऱ्यात अडकून पडलंय नुसतं. सुटला की, सुटला की, पुढे काय? माझा नवरा झोपेत बडबडतो."

"मी कुणाला अडवलं नाही."

"तू नाही, तुझ्या आलुबुखारांनी अडवलंय. आणि आता त्यांचा दगड झाला असेल, दात पडतील खाणाऱ्याचे."

हेस्टरने बादली उचलली. मार्जरीचा आवाज खाली आला. "मी आपली बोलते गं. मनाला लावून घेऊ नकोस. पण बाबांचं वय झालं. पानाला नाक टेकवून वाचतात हल्ली."

हेच हेस्टरला टोचायचं. केझीसाठी शहराच्या वेशीपर्यंत पाद्रीबाबाच गेले होते. पहारेकऱ्यांनी आत सोडलं नाही, तेव्हा वेशीबाहेर बर्फात गुडघे टेकून त्यांनी तिच्यासाठी प्रार्थना म्हटली होती. अशा माणसाने मागितलं तर 'नाही' कुठल्या तोंडाने म्हणायचं? म्हणून त्यांनी मागूच नये, एवढीच ती देवाजवळ भीक मागत होती. चर्चमधून ती सगळ्यांच्या आधी निघून जाई. रस्त्यात ते दिसले तर कुंपणाआड वळे.

झाडांची पानं गळून गेल्यावर एका दुपारी ते दारात उभे राहिले.

"पार्डोबाई, तुमची चिमणी धूर कोंडते, असं मार्जरीबाई म्हणत होत्या."

"मार्जरी काहीही म्हणते, बाबा. बसा."

तिने एकुलती एक खुर्ची पुढे केली. खुर्चीचं तोंड फडताळाकडे होतं. ते बसले, त्यांची नजर वर गेली, त्या तांबड्या अक्षरावर गेली आणि तिथेच खिळली. हेस्टरच्या हातातलं भांडं वाजलं. पाद्रीबाबा उठले, खुर्ची उचलून त्यांनी ती फिरवली आणि फडताळाकडे पाठ करून बसले.

"इथे ऊब चांगली लागते," ते म्हणाले. चूल दुसऱ्या बाजूला होती.

ते चिमणीबद्दल बोलले, तिच्या गुडघ्यांबद्दल बोलले. जवाची पेज त्यांनी आवडीने खाल्ली. निघताना त्यांचं लक्ष कोपऱ्यात गेलं. तिथे काळे बारीक दाणे पडले होते.

"उंदीर?"

"यंदा फार झालेत."

पाद्रीबाबांचा चेहरा उतरला. "पार्डोबाई, उंदराला कोरडं चर्मपत्र फार आवडतं. त्याला साखर लागलेली असली तर विचारूच नका. आणि सुतळीसुद्धा तो सोडत नाही." एवढं बोलून ते टोप सावरत निघून गेले.

तिला वाटलं, आता उद्या निरोप येणार. उंदराच्या तोंडी जाण्यापेक्षा मला द्या म्हणणार. त्यात चूक तरी काय होती? रात्रभर ती कूस बदलत राहिली.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः आले, हातात झाकणाची टोपली. आतून गुरगुर ऐकू येत होती.

"ही ज्यूडिथ," ते म्हणाले. "धर्मग्रंथातल्या ज्यूडिथने सेनापतीचं मुंडकं उडवलं, ही त्या नावाला जागते. माझ्याकडच्या उंदरांचा तिने केव्हाच निकाल लावलाय, आता नुसती झोपा काढते. थोडे दिवस तुमच्याकडे राहू द्या. दूध नको, त्याने आळशी होते."

टोपलीतून राखी रंगाची एकडोळी मांजर निघाली. तिने घराला एक फेरी घातली आणि फडताळासमोर ठाण मांडलं. पाद्रीबाबा फळीकडे न बघता निघून गेले.

हिवाळा सरत आला. ज्यूडिथ रोज सकाळी उंबऱ्यावर आपली शिकार मांडून ठेवी. बरणीच्या दादऱ्याला, सुतळीला ओरखडासुद्धा आला नाही. हेस्टरला मांजरीशी बोलायची सवय लागली. इतक्या वर्षांनी घरात तिचं ऐकून घेणारं कुणीतरी होतं.

आईच्या रविवारच्या आदल्या दिवशी डॉर्कसबाई आली. ती कधी कुणाकडे जात नसे. दारातच उभी राहिली, बसली नाही.

"माझ्या भावाला सांगायचं नाही मी आले होते म्हणून."

"नाही सांगणार. काय झालं?"

"मांजर परत दे, हेस्टर. उंदरांनी त्याच्या बखरीची नक्कल खाल्ली. मूळ पानं पेटीत आहेत, ती बचावली. पण त्याचं लिहिलेलं गेलं. अख्ख्या हिवाळ्याचं काम. डोळे फोडून केलेलं. खणात नुसता भुसा उरला, तेवढा मी केरसुणीने गोळा केला." डॉर्कसबाईचा आवाज चिरला. "आणि तो गालातल्या गालात हसतो! म्हणतो, माझ्या चुका त्यांना गोड लागल्या असतील."

हेस्टरने ज्यूडिथकडे पाहिलं. "मग मांजर मागवून का नाही घेतली त्यांनी?"

"मी मागे लागले होते. दोनदा सांगितलं, हेस्टरकडून आण. तर म्हणाला..." डॉर्कसबाई थांबली. तिची नजर वर बरणीकडे गेली, त्या उलट्या गाठीकडे. सशाचा कान. केझीला लहानपणी अक्षरं तिनेच शिकवली होती आणि डाव्या हातावर छड्याही तिनेच मारल्या होत्या. "म्हणाला, माझं लिहिलेलं मी पुन्हा लिहीन."

पुढचं तिने सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. ती मांजर न घेताच निघून गेली.

त्या संध्याकाळी हेस्टरने पीठ मळलं आणि केझीला आवडायचा तसा बदामाच्या थराचा केक भाजला. चार वर्षांत तिने तो केला नव्हता. सकाळी नेहमीप्रमाणे हात धुतले, टाचा उंचावल्या, बरणी पुसली, प्रार्थना म्हटली. आणि मग तिने ती दोन्ही हातांनी खाली उतरवली. पोरगी कडेवर घ्यावी तशी ती जड लागली.

चर्च सुटल्यावर गावाने पाहिलं ते असं. हेस्टर पार्डो चढावावरून पाद्रीबाबांच्या घराकडे चालली आहे, पोटाशी बरणी, कोपराला केकची टोपली, आणि मागोमाग शेपटी उभी धरून ज्यूडिथ. चाकरीच्या गावाहून आलेल्या लेकी आयांबरोबर रस्त्यात उभ्या होत्या. मार्जरीचं तोंड उघडं राहिलं.

पाद्रीबाबा खिडकीशी बसून, कागदाला नाक टेकवून नकलेचं पहिलं पान पुन्हा लिहीत होते.

"घ्या," हेस्टरने बरणी टेबलावर ठेवली. धाप लागली होती. "आजचा दिवस तिनेच ठरवला होता. आज फोडायची होती. तुम्ही फोडा. फक्त..." तिने नुसतं बोट केलं, सुतळीकडे. "ती कापताना मला बाहेर जाऊ द्या."

पाद्रीबाबांनी चष्मा कपाळावर सरकवला. ते बरणीच्या गळ्याशी इतके वाकले की त्यांचा श्वास सुतळीला लागला असेल. बराच वेळ ते गाठ बघत होते. दादऱ्याकडे त्यांनी अजून पाहिलंच नव्हतं.

"डाव्या हाताची," ते म्हणाले. "कापायची कशाला?"

"सुटत नाही ती कुणाला."

"सोडायचीही नाही. पार्डोबाई, या सुतळीला मी हात लावणार नाही. डॉर्कस, किटली! आणि फ्लॅनेलचा तुकडा."

"हंसाची चरबी लावू का? सरकेल पटकन," डॉर्कसबाई म्हणाली.

"चरबी? पानावर?" पाद्रीबाबांनी तिच्याकडे असं पाहिलं की ती मुकाट्याने किटली आणायला गेली.

जुन्या सनदांना रेशमी दोऱ्या असतात, त्यांवर राजाचे लाखेचे शिक्के. दोरी तोडली की सनदेची किंमत संपली. त्या दोऱ्यांशी आयुष्यभर झटून पाद्रीबाबांचे हात शहाणे झाले होते. एरवी चमचा धरताना थरथरणारे ते हात या कामाला लागले की स्थिर होत. त्यांनी वाफेवर फ्लॅनेल धरलं आणि ते बरणीच्या गळ्याला गुंडाळलं. "आता केक खायचा," ते म्हणाले. "कातडं घाई करत नाही, आपणही करू नये."

त्यांनी केक खाल्ला. फ्लॅनेल पुन्हा वाफेवर धरलं, पुन्हा गुंडाळलं. हळूहळू ताठ कातडं मऊ पडलं, सुतळीखालच्या चुण्या सैल झाल्या. मग हाडाची चपटी पट्टी घेऊन पाद्रीबाबा एकेक चुणी सुतळीखालून वर काढू लागले. एक चुणी, मग बरणी जराशी फिरवायची, मग दुसरी. ओठ पुटपुटत होते, कदाचित प्रार्थना असेल. शेवटची चुणी निघाली आणि गोल पान त्यांच्या तळहातावर अलगद आलं. सुतळी बरणीच्या गळ्यातच राहिली, मनगटात सैल झालेल्या बांगडीसारखी. गाठ जशीच्या तशी, कान वर.

हेस्टरने तोंडावर शालीचं टोक दाबलं. खोलीत आलुबुखारांचा वास पसरला, चार वर्षांपूर्वीच्या त्या स्वयंपाकाचा वास.

"बरणी उघडी राहता कामा नये," डॉर्कसबाई म्हणाली. "हवा लागली की बुरशी धरेल. फुगा एकही नाही घरात, आणि असता तरी तो वाळून इतका ताठ बसत नाही. चर्मपत्रच हवं."

पाद्रीबाबांनी आजूबाजूला पाहिलं. भिंतभर पेट्या, टेबलावर गठ्ठे, सगळी खोली चर्मपत्रांनी भरलेली. ते एका पेटीशी गेले, झाकण उघडलं, मिटलं. दुसऱ्या पेटीशी गेले.

"यातलं एकही कापता येणार नाही," ते म्हणाले. "यातलं काहीच माझं नाही. मी नुसता राखणदार." मग त्यांची नजर चुलीवरच्या भिंतीवर गेली आणि चेहरा उजळला. "हे एक मात्र माझं आहे!"

तिथे चौकटीत एक मानपत्र होतं. लंडनच्या विद्वानांच्या एका मंडळीने त्यांना सभासद करून घेतलं, तेव्हा पाठवलेलं. मऊ, पातळ कातडं, वळणदार लॅटिन, खाली सह्या, मध्यभागी मोठ्या अक्षरांत त्यांचं नाव. आयुष्यात मिळालेला तेवढा एकच मान.

"गिल्बर्ट!" डॉर्कसबाई ओरडली. "रोज पुसते मी ते!"

"आता पार्डोबाई पुसतील," पाद्रीबाबा म्हणाले. तोपर्यंत कात्री चालूही झाली होती.

"बाबा, नको," हेस्टर गडबडून म्हणाली. "मुरंब्यावर? तुमचं नाव?"

"चांगल्या मुरंब्यावर आहे. विद्वानांच्या भिंतीवर काय करायचंय त्याला?"

भिजवलेलं गोल मानपत्र त्यांनी बरणीवर बसवलं आणि त्याच पट्टीने कडा एकेक करून सुतळीखाली सारल्या. सुतळी पुन्हा गळ्याला घट्ट बसली. कातडं वाळल्यावर ती पहिल्याइतकीच आवळणार होती. केझीची गाठ एकदाही सुटली नव्हती आणि बरणी बंद झाली होती.

मग कुठे ते पानाकडे वळले. खिडकीशी नेऊन त्यांनी ते उजेडात धरलं. वरची बाजू स्वच्छ होती. आतली बाजू जांभळी झाली होती, डागांखाली ओळी लपल्या होत्या.

"सांग ना," डॉर्कसबाई म्हणाली. "असा वारा सुटला, की?"

"की," पाद्रीबाबा वाचायला लागले, एकेक शब्द चाचपत, "कबुतरखान्याचं छप्पर उडालं, आणि सगळी कबुतरं खिडकीतून प्रार्थनामंदिरात शिरली. मठाधिपतींनी प्रार्थना थांबवू दिली नाही. एक कबुतर त्यांच्याच डोक्यावर बसलं. ते म्हणाले, गात राहा. तेव्हा बंधू... नाव डागाखाली गेलंय... बंधू कुणीतरी मोठ्याने हसला."

हेस्टरच्या तोंडून एक आवाज निघाला. तिला आधी कळलंच नाही की आपण हसलो. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसू आवरत नव्हतं. डॉर्कसबाईने पाठ फिरवली, पण तिचे खांदे हलत होते.

"मग?" हेस्टरने विचारलं. "त्याला शिक्षा झाली?"

"कोरडी भाकरी आणि पाणी. पुढे मठाधिपती त्याच्या खोलीत गेले, एवढं दिसतंय. मग जांभळं झालंय सगळं."

"माफ केलं असणार त्यांनी."

पाद्रीबाबांनी पान आणखी थोडं वाकडं करून पाहिलं आणि मान हलवली. "तुम्ही म्हणता तर मी मानतो, पार्डोबाई. मनापासून मानतो. लिहिणार मात्र नाही. दिसत नाही ते लिहायचं नसतं." त्यांनी लेखणी उचलली, नकलेत तेवढी जागा कोरी सोडली आणि समासात बारीक अक्षरांत काहीतरी लिहिलं.

"काय लिहिलंत?"

"हे पान कुणी जपलं ते. केझाया पार्डो, थॉर्नलो." ते लेखणी पुसत म्हणाले. "नाव दिसतंय तिथे लिहायलाच हवं."

हेस्टर उठली. तिला एक विचारायचं होतं, इतकी वर्षं अडलेलं. दारापर्यंत जाऊन ती वळली. "बाबा, मी रोज सकाळी या बरणीपुढे प्रार्थना म्हणते. चालतं का ते?"

पाद्रीबाबांनी आपल्या पेट्यांवरून नजर फिरवली. "मी इतकी वर्षं कशापुढे बसतो, असं वाटतं तुम्हाला?" ते म्हणाले. "म्हणा. देवाला फडताळ आड येत नाही."

ज्यूडिथला तिथेच ठेवून, बरणी पोटाशी धरून ती निघाली. पण अर्ध्या उतारावर मांजर पुढे झाली आणि वाट दाखवत हेस्टरच्या घरी जाऊन बसली. शेवटी डॉर्कसबाईने मार्जरीकडून दुसरं पिल्लू नेलं.

पुढच्या रविवारी पडवीत वाऱ्याची गोष्ट वाचली गेली. ट्रँटर म्हणाला, "एवढंच? कबुतरं?" आणि मग घरी जाईपर्यंत हसत राहिला. मार्जरी हेस्टरला कोपराने ढोसत म्हणाली, "तुझ्या आलुबुखारांना लंडनच्या विद्वानांनी सभासद करून घेतलंय म्हणे! आता आम्हाला ओळख तरी दाखवतील का?"

"बघू," हेस्टर म्हणाली. "तू नीट वागलीस तर."

सकाळचा नेम चालूच राहिला. हात धुवायचे, टाचा उंचावायच्या, बरणी पुसायची, गाठीवरून बोट फिरवायचं. फक्त आता प्रार्थनेत आणखी एकाचं नाव आलं होतं. हेस्टरला वाचता येत नसे. दादऱ्यावरच्या त्या वळणदार ओळींत बाबांचं नाव नेमकं कुठे आहे, हे तिला कळत नव्हतं. म्हणून ती सगळ्याच अक्षरांवरून फडकं फिरवायची, सावकाश, एकही न चुकवता.